दोघांपुरता वेळ

पहाटे साडेपाच-सहाला नगरमधल्या केडगावच्या हायवेला कंपन्यांच्या बसची रांग लागते. सुप्याच्या बस, रांजणगावच्या बस, उलट्या दिशेने नागापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या. थांब्यावर उभी असलेली पोरं पंचविशी-तिशीतली, पाठीवर सॅक, पायात सेफ्टी शूज, गळ्यात आयकार्ड. त्यातल्या कितीतरी जणांची लग्नं गेल्या दोन-चार वर्षांतली. त्याच वेळी घरात बायकोची धावपळ सुरू झालेली असते, कारण तिलाही साडेसातला बाहेर पडायचं असतं. या जोडप्यांवर लिहायचं ठरवलं तेव्हा पगार, हप्ते, भाडं हे सगळं विचारलंच. पण माझा खरा प्रश्न एकच होता. तुम्ही दोघं निवांत कधी बसता? बहुतेकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग उत्तर दिलं.

सरकारदरबारी ऑक्टोबर २०२४ पासून हे शहर अहिल्यानगर आहे, बोलण्यात अजून नगरच. पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. धड पुणं नाही आणि धड तालुक्याचं गावही नाही, अशा या शहरात नव्या संसाराला सगळ्यात कमी पडतो तो दोघांचा एकत्र मोकळा वेळ. आणि तो मिळालाच, तर बसायला जागा. चैनीची गोष्ट म्हणून हे बाजूला सारण्याची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. लग्नाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत माणसं एकमेकांना ओळखतात ती अशाच वेळात, आणि तो मिळाला नाही तर पुढची तीस वर्षं दोघं एका घरात राहूनही परक्यासारखी वागतात. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

ज्या जोडप्याबरोबर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, त्यांनी नाव छापू नका असं सांगितलं. तो आयटीआय फिटर, सुप्याच्या एका कारखान्यात. ती डीएमएलटी करून सावेडीतल्या एका लॅबमध्ये. केडगावात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात सासू-सासरे आणि धाकटा दीर. सासऱ्यांनी आयुष्यभर मार्केट यार्डात हमाली केली. माणसं मायेची आहेत, सुनेला नोकरी करू देणारी आहेत. पण आतली खोली दोघांची असली, तरी कपाट सगळ्यांचं तिथंच आहे. रात्री दहापर्यंत कुणी ना कुणी टॉवेल, औषध, चार्जर घ्यायला आत येतं. त्यात कुणाचा दोष नाही. घरच तेवढं आहे.

त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. फर्स्ट सकाळी सातची, सेकंड दुपारी साडेतीनची, थर्ड रात्री बाराची. फर्स्टच्या आठवड्यात तो चार-सव्वाचारला घरी येतो, ती साडेसहाला. संध्याकाळ मिळते, पण ती पोळ्या लाटण्यात आणि पाणी भरण्यात जाते. नळाला रोज पाणी येत नाही, आलं की घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम सोडायचं. सेकंडच्या आठवड्यात तो रात्री साडेबाराला येतो तेव्हा तिचा डोळा लागलेला असतो. सकाळी ती निघते तेव्हा तो झोपलेला. "त्या आठवड्यात आम्ही व्हॉइस नोटवर संसार करतो," ती म्हणाली. तिनं एक ऐकवलीही. बसमधून पाठवलेली, मागे इंजिनाचा आवाज. सुप्याच्या अलीकडे डोंगरावरच्या पवनचक्क्या आज जोरात फिरतायत, एवढंच तो सांगत होता. घरात सगळ्यांसमोर ती त्याला 'अहो' म्हणते. तिनं लगेच त्याला उत्तर पाठवलं, त्यात सरळ 'तू' होतं.

तिचा दिवस मी जवळून पाहिला. साडेसातला स्कूटीच्या पुढच्या जागेत निळा डबा, त्यात बर्फाचे पॅक, सुया, लाल-जांभळ्या झाकणांच्या नळ्या आणि चिकटपट्टी. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून म्हातारी माणसं दार उघडं ठेवून वाट पाहत असतात. केडगावातून सक्कर चौक, तिथून २०२२ साली सुरू झालेला उड्डाणपूल, पुढे डीएसपी चौक आणि मग सावेडीच्या कॉलन्या. दहापर्यंत सात-आठ घरं. "आजी, मूठ आवळा, हां, झालं बघा," असं म्हणत ती सुई घालते तेव्हा हात इतका हलका, की आजीबाई बोलणं थांबवत नाहीत. दहा ते साडेपाच लॅब. घरी आल्यावर कणीक. तिच्या दिवसात स्वतःचा म्हणावा असा वेळ म्हणजे उड्डाणपुलावरची चार-पाच मिनिटं. तिथं सिग्नल नाही, कुणी हाक मारत नाही.

हे तिच्या एकटीचं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसातली सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात गेली. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पाच वर्षांपूर्वीच्या, २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही जवळपास तेवढीच. दोघांतलं अंतर जिथल्या तिथं राहिलं. जोडप्याच्या फुरसतीबद्दल बोलताना हा आकडा आधी समोर ठेवला पाहिजे. नवरा साडेचारला मोकळा झाला आणि बायको साडेनऊला, तर दोघांची मिळून फुरसत साडेनऊनंतरचीच. हे मी त्याच्यासमोरच म्हटलं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, फर्स्टच्या आठवड्यात भाजी तो करतो. आईला सुरुवातीला आवडलं नव्हतं. आता तीच लसूण सोलून ठेवते.

मग जायचं कुठं? ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना मल्टिप्लेक्स आहे, सावेडीतले कॅफे आहेत. जुन्या टॉकीजची नावं चौकांना चिकटून राहिली आहेत. आशा टॉकीज चौक म्हटलं की रिक्षावाल्याला अजून पुढे काही सांगावं लागत नाही. प्रोफेसर कॉलनी चौकात खाण्याच्या गाड्या. सावेडीच्या माऊली सभागृहात नाटक लागलं की तरुण प्रेक्षक हमखास. हे सदाशिव अमरापूरकरांचं गाव आहे आणि हौशी नाटकाचं वेड इथं जुनं आहे. सकाळी भिस्तबाग महालाच्या बाजूला फिरायला येणारी जोडपी. रणगाडा संग्रहालयात नव्या नवरा-नवरीचे फोटो. १९९४ मध्ये लष्कराने उभारलेलं हे संग्रहालय. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत सगळं तिथं आवारात उभं आहे. डोंगरगण आणि मांजरसुंब्याचा गोरक्षनाथ गड श्रावणात. मे संपता संपता काजवे पाहायला भंडारदरा. पण तिथं आता इतकी गर्दी होते, गाड्यांचे दिवे आणि टॉर्च इतके, की काजव्यांच्या झाडाखाली अंधारच उरत नाही. त्या काजव्यांसाठी तरी थोडे दिवस तिकडे जाऊ नये असं मी जोडप्यांना सांगत असतो.

पण नगरच्या जोडप्यांची खरी जागा चांदबिबीचा महाल.

पाथर्डी रस्त्याला शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर शहा डोंगर आहे. माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत. सारं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर, १५८० च्या सुमाराची. तळघरात खान आहे आणि शेजारी त्याची पत्नी. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवला आणि १६०० मध्ये ती मारली गेली. या इमारतीशी तिचा संबंध नाही, पण लोकांनी शहराबाहेरची ही उंच जागा तिच्या नावावर करून टाकली आणि ती तिच्याकडेच राहिली. वरपर्यंत डांबरी रस्ता जातो. पहाटे सायकलवाले चढतात, सुट्टीच्या दिवशी शाळेच्या सहली, आणि दुपारी चारनंतर मोटारसायकलवर दोघं-दोघं.

इमारतीच्या जाड भिंतींत कमानी आहेत, प्रत्येक कमानीत दोन माणसं सहज बसतील एवढी जागा. आत थंडावा आणि वारा. तिथं बसलेली जोडपी मी पाहिली. बहुतेक जण नुसते बोलत असतात. काय बोलतात? कान देण्याचा प्रश्न नव्हता, पण विचारल्यावर केडगावच्या दोघांनी सांगितलं. पहिली दहा मिनिटं घरचंच निघतं: दिराचं शिक्षण, सासऱ्यांचा गुडघा, गाडीचा हप्ता. मग ते संपतं. मग ती लॅबमध्ये आलेल्या एखाद्या पेशंटबद्दल सांगते, तो लाइनवर मशीन बंद पडलं त्याबद्दल. "मला हा काय काम करतो ते लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, इथं बसून," ती म्हणाली. त्यानं तेव्हा वहीच्या कागदावर मशीनचं चित्र काढून दाखवलं होतं. तो कागद तिनं जपून ठेवला आहे.

त्यांना महिन्यातून एकदा असं जमतं, कधी तेही नाही. त्याच्या सुट्टीचा वार आणि तिचा रविवार एक आला पाहिजे, घरात पाहुणे नसले पाहिजेत, ओव्हरटाइम लागलेला नसला पाहिजे. शंभर रुपयांचं पेट्रोल, डब्यात घरचे पोहे, येताना एका ग्लासात दोघांना उसाचा रस. दिवस मावळला की खाली उतरावं लागतं.

उसाचा विषय निघाला की ती जरा थांबते. ती पाथर्डी तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला जातात. या जिल्ह्याची ही दोन टोकं बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली ती याच जिल्ह्यात, प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये तिथं पहिला हंगाम सुरू झाला. आणि तो ऊस तोडायला जाणारी माणसं याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतली, शेजारच्या बीडमधली. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे जोडीला. एकटा माणूस या कामात पुरा धरत नाहीत, म्हणून मुलाचं लग्न हंगामाच्या आधी उरकून घेण्याची घाई गावोगाव होते.

तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. थंडीच्या दिवसांत अंधारातच फडात उतरायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायला बोलावणं आलं की उठायचं, राहायला उसाच्या शेतालगतची कोपी. पाच-सहा महिने. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. संपाचा इशारा देऊन, चर्चेच्या फेऱ्या करून ती मिळवावी लागली. दिवसाचे चोवीस तास ही जोडी एकत्र असते, एकाच कामात, एकाच कर्जात. आणि तरीही तिच्या आईला नवऱ्याशी निवांत बोलल्याची आठवण नाही.

"आई-तात्या कायम बरोबरच असायचे," ती म्हणाली. "पण ते दोघं बसलेत, गप्पा मारतायत, असं मी कधी पाहिलंच नाही. मला वाटायचं लग्न म्हणजे असंच." ती आज्जीपाशी गावाकडे राहिली, हंगामी वसतिगृहातही राहिली, बारावी सायन्स केलं. आई-वडिलांच्या सहा महिन्यांच्या गैरहजेरीतून तिचं शिक्षण उभं राहिलं. मला वाटतं, संध्याकाळचे दोन तास नवऱ्याबरोबर बसायचेच हा तिचा हट्ट तिथूनच आला. तिला ते हक्काचं वाटतं, आणि आहेच.

पाथर्डीहून ऊसतोडीच्या गाड्या नगरकडे निघतात त्या याच शहा डोंगराच्या पायथ्याने. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात दोघांनी तिच्या आई-वडिलांना वर नेलं. तात्या इमारतीभोवती फिरून दगड हाताने चाचपत राहिले. आई कठड्याशी उभी राहिली, खालचा रस्ता शोधला आणि म्हणाली, "एवढी वर्सं खालून गेलो. वर काय हाय ते कधी इचारलंबी न्हाई." मग दोघं कमानीत बसले. मुलीने त्यांचा फोटो काढला. तो मी पाहिला आहे. आईचा पदर सारखा केलेला, तात्यांची टोपी हातात, मध्ये वीतभर अंतर. लग्नानंतरचा दोघांचाच असा तो पहिला फोटो.

नगरच्या किल्ल्यातही केडगावच्या दोघांना एकदा मी घेऊन गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून आत जाता येतं. नेता कक्ष सगळे पाहतात. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी इथं आणून ठेवली आणि पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं, हे शाळेत शिकवतात. मला मात्र इथं आलं की मौलाना आझाद आठवतात. ते आत होते आणि त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होती. सुटकेसाठी सरकारकडे विनवणी करायची नाही, यावर मौलाना ठाम राहिले. एप्रिल १९४३ मध्ये ती गेली. भेट झाली नाही. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहात तिच्या मृत्यूबद्दलचं पत्र आहे, याच भिंतींच्या आत लिहिलेलं. एवढ्या मोठ्या लढाईत या दोघांच्या वाट्याला किती थोडा काळ एकत्र आला असेल! आमच्या फिटरने ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ अंगणातल्या झाडाखाली उभा राहिला. परतताना म्हणाला, "सर, त्या बाईंचा फोटो इथं लावायला पाहिजे." मलाही तसंच वाटतं.

याच नगरने मराठीतलं सगळ्यात मोकळं असं एका संसाराचं चित्र पाहिलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. लग्न १८८० च्या सुमाराचं, ती अकरा वर्षांची. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, काही वर्षांची ताटातूट झाली, मग लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि पुढचा संसार नगरला आणि राहुरीला झाला. १८३१ पासून इथं काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात त्यांचं घर म्हणजे कवींचा, विद्यार्थ्यांचा, अनाथ मुलांचा राबता. बालकवी त्यांच्याकडे राहून गेले. घरात एकांत जवळपास नाहीच. तरी हे दोघं भांडले, रुसले, एकमेकांना कविता ऐकवत राहिले. लिहिण्याचा सराव नसलेल्या लक्ष्मीबाई त्या बोलण्यातून कवयित्री झाल्या, टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' छापून आली. आजच्या प्रत्येक नव्या जोडप्याने ते पुस्तक एकत्र वाचावं असं मला मनापासून वाटतं. लग्नात दोघंही माणसं म्हणून वाढू शकतात, याचा त्याहून सच्चा पुरावा माझ्या माहितीत नाही. केडगावच्या घरात मी एक प्रत दिली. सध्या ती सासूबाई वाचतायत.

पुण्याचं काय? त्याच्याबरोबर आयटीआय केलेले काही जण वाघोली-खराडीला गेले. तिथं पगार जास्त, दोघांची वेगळी खोली, दार लावलं की आपलं घर. त्याबदल्यात भाडं आणि रोज दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये. शनिवारी संध्याकाळी पुण्याहून येणाऱ्या एसटीतून अशी जोडपी माळीवाड्याला उतरतात आणि रविवारी रात्री पुन्हा बॅगा घेऊन स्टँडवर असतात. गव्हाचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आईने दिलेला डबा. पुण्यात एकांत आहे पण वेळ नाही, आणि नगरला आले की वेळ सगळ्या घराचा. केडगावच्या दोघांनी पुण्याचा विचार करून सोडला. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शहराबाहेरच्या एका जागी, ती कुठली ते सांगत नाही, दोघं बसले असताना रखवालदाराने येऊन विचारलं, "लग्न झालंय का?" तिनं गळ्यातलं दाखवलं. तो गेला, पण ती परत तिथं गेली नाही. ज्यांच्या गळ्यात मंगळसूत्र नाही त्यांचं काय होत असेल? दोन सज्ञान माणसं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत बोलत बसली आहेत, यात गुन्हा कसला? मुलीला भीती वाटावी अशा जागा शहरात भरपूर आहेत, पोलिसांनी तिकडे जरूर जावं. बसून बोलणाऱ्यांना हाकलून कुणाची सुरक्षितता वाढत नाही. उलट दिवसा उजेडी बसलेली जोडपी असली की ती जागा एकट्या बाईलाही सुरक्षित वाटते.

काय हवंय, असं मी बऱ्याच जोडप्यांना विचारलं. मागण्या फार साध्या निघाल्या. उद्यानांत रात्री नऊपर्यंत दिवे. बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह. ते नाही म्हणून कितीतरी जणी बाहेर पडल्यावर पाणीच पीत नाहीत. चांदबिबीच्या महालाला सुट्टीच्या दिवशी शहरातून बस, कारण प्रत्येकाकडे गाडी नाही. शिफ्टचा तक्ता महिनाभर आधी. ही शेवटची मागणी महापालिकेकडे नाही, कंपन्यांकडे आहे, आणि तिला पैसा लागत नाही. पुढच्या महिन्यात कुठला रविवार आपला आहे हे माहीत असलं, तर माणूस तो राखून ठेवतो.

ही दिवाळी केडगावच्या दोघांची दुसरी. पहिला दिवाळसण पाथर्डीला झाला होता. बोनस आला आहे. कापड बाजारातून सासूबाईंना नऊवार आणि तिच्या आईला स्वेटर घेऊन झालं, कारण आई-तात्या या हंगामालाही जाणार आहेत. मुलीने नको म्हणून सांगून पाहिलं, पण उचल घेतलेली आहे. भाऊबीज झाली की गाडी निघेल. नवा तक्ता लागला तेव्हा पाडव्याला त्याची सेकंड होती. लाइनवरच्या एका अविवाहित सहकाऱ्याशी बोलून त्यानं ती बदलून घेतली, बदल्यात त्याच्या दोन थर्ड करायच्या कबूल केल्या. चारला बस केडगावला येईल. ओवाळणी घरी आटोपून दोघं साडेचारला पाथर्डीच्या रस्त्याला लागतील, कारण आईचं सामान बांधायचं आहे आणि कोपीसाठी नवी ताडपत्री अजून घ्यायची राहिली आहे.